लिंबू न देता लिहिलेला ल

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षकसाहेब. त्यांच्या शेजारी बसलेले आमच्या कान-नाक-घसा विभागाचे प्रमुख, ज्यांना ते शिकाऊ असल्यापासून मी नुसतं 'सर' म्हणत आले ते आमचे सर. मेट्रन मॅडम, भूल देणाऱ्या मॅडम, व्यासपीठावरची सगळी डॉक्टर मंडळी. समोर बसलेल्या माझ्या सिस्टर्स, ब्रदर्स, वॉर्डबॉय, सफाईच्या ताई, कार्यालयातले बाबूलोक. पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेले आमचे हे. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराशी उभे राहिलेले, ज्यांना चहा मिळाला की सटकायचं आहे ते सर्वजण. आपणा सगळ्यांना माझा नमस्कार.

निरोपाला उत्तर देताना 'दोनच शब्द बोलते' असं म्हणायची पद्धत आहे. माझं दोन शब्दांत आटपायचं नाही, आधीच सांगते. एकतीस वर्षं मी लोकांना 'थोडक्यात सांगा, मागे रांग आहे' असं म्हणत आले. आज माझ्या मागे रांग नाही, तेव्हा तुम्ही जरा ऐकून घ्या.

माझ्याआधी पाच जण बोलले. फार चांगलं बोलले. मेट्रन मॅडम म्हणाल्या, सिस्टर नाकावर माशी बसू देत नाहीत. खरं आहे. नाकाच्याच ओपीडीत बसल्यावर काय करणार? सर म्हणाले, सिस्टरांना आमच्या ओपीडीच्या खोली नंबर नऊची खडान्खडा माहिती. तेही खरं. आणि अधीक्षकसाहेब म्हणाले, सिस्टरांचं बोट एक्स-रेच्या आधी सांगतं, आणि एकतीस वर्षांत ते कधी चुकलं नाही. एवढं ऐकल्यावर माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायला हवं. माझ्या चढलं नाही. का चढलं नाही ते सांगायलाच मी आज उभी आहे. साहेब, तुमचा मान राखून सांगते, ते शेवटचं वाक्य खोटं आहे. तुम्हाला ते खोटं आहे हे माहीत नाही, म्हणून दोष तुमचा नाही.

इथे निम्मे लोक कार्यालयातले आणि घरचे आहेत, म्हणून आधी खडा म्हणजे काय ते सांगते. डॉक्टर मंडळींनी दोन मिनिटं कंटाळा सोसावा. आपल्या जबड्याच्या आत, दोन्ही बाजूंना लाळेच्या ग्रंथी असतात. तिथून दोऱ्याएवढी बारीक नळी जिभेखाली उघडते. कधीकधी त्या नळीत खडा होतो. तांदळाच्या दाण्याएवढा असेल, मसुराएवढा असेल. मग माणूस घास तोंडाजवळ नेतो, लाळ सुटते, तिला बाहेर यायला वाट नसते. ती मागे तुंबते. जबड्याखाली लिंबाएवढी सूज, आणि असा ठणका की समोरचं ताट ढकलून द्यावं. तासा-दोन तासांनी लाळ झिरपून जाते, सूज उतरते. पुढच्या जेवणाला पुन्हा हजर. एक शाळामास्तर आमच्याकडे येत, त्यांची मुलं म्हणायची, मास्तर मधल्या सुट्टीत गालात गोळी ठेवतात आणि आम्हाला देत नाहीत.

उपायही फार अवघड नसतात. भरपूर पाणी, शेक, मागून पुढे हलक्या हाताने चोळणं, आणि चोखायला काहीतरी आंबट. लाळेचा लोंढा आला की लहान खडा आपणहून बाहेर पडतो. नाही पडला आणि नळीच्या तोंडाशीच असला तर जिभेखाली जागा बधिर करून सर छोटीशी चीर देतात. खोल असला तर आता काडीएवढी दुर्बीण आली आहे, तिच्यातून तारेची जाळी सोडून खडा ओढून काढतात. ग्रंथीच पार खराब झाली असेल, तर मात्र मानेकडून चीर देऊन ती काढावी लागते.

आमच्या सरांनी पहिला खडा काढला तो दिवस मला आठवतो. सर, रागावू नका. चिमट्यात धरलेला खडा सरांनी मोठ्या ऐटीत पेशंटला दाखवायला वर धरला आणि तो सटकला. पेशंट आडवा पडल्या पडल्या म्हणतो, 'माझा खडा मला पाहिजे.' मोठे डॉक्टर, सर, मी, सगळे गुडघ्यांवर. दिवा फिरवून फिरवून शोधला. शेवटी आमच्या आक्का केरसुणी घेऊन आल्या, सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि म्हणाल्या, 'डॉक्टर, जरा पाय वर करा.' खडा सरांच्या चपलेच्या तळाला चिकटला होता.

तर या आक्का. नव्या मंडळींनी त्यांना पाहिलेलं नाही. खोली नंबर नऊच्या आया. सगळं रुग्णालय त्यांना आक्काच म्हणायचं, अगदी त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. ठेंगण्या, उजव्या खांद्यात जरा वाकलेल्या. आठ वाजता यायच्या, टेबल पुसायच्या, उपकरणं उकळायला लावायच्या, आणि मग खिडकीशी उभ्या राहून आठ लिंबं कापायच्या. एका लिंबाच्या चार फोडी. एकेक बी सुरीच्या टोकाने काढायच्या, कारण एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या घशात बी गेली होती. त्या बत्तीस फोडी स्टीलच्या वाटीत झाकून माझ्या टेबलावर. ही वाटी म्हणजे आमची परीक्षा. जबड्याखाली सूज घेऊन कोणी आलं की मी एक फोड द्यायची, पाच मिनिटं बाकावर बसवायचं, आणि परत हात लावून बघायचं. सूज तटतटून वर आली की खडा. मग मी केसपेपरच्या कोपऱ्यात एक 'ल' काढायची आणि त्याला गोल करायची. ल म्हणजे लिंबू दिलं, सूज वाढली.

मला लोक पाठीमागे लिंबूबाई म्हणतात, हे मला माहीत नाही असं समजू नका. तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दिवसाला दीडशे पेशंट, डॉक्टर दोन. अशा वेळी तो ल फार उपयोगी पडला. डॉक्टर कागद उलटतात, ल दिसतो, पुढचं लिहितात. हळूहळू असं झालं की सिस्टरचा ल म्हणजे दगडावरची रेघ. आणि खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. मोठमोठे डॉक्टर माझ्या एका अक्षरावर चालतात, हे कोणाला आवडणार नाही? मग मी हात लावल्याबरोबर सांगायला लागले. फोड देण्याआधीच. 'हा खडा बघा.' फोड दिली की खडाच निघायचा. दहादा निघाला, पन्नासदा निघाला. बोटाला कळतं, असं मी नव्या मुलींना सांगायला लागले. त्या वह्यांत लिहून घ्यायच्या.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. आक्का बेसिनशी वाकून ट्रे धूत होत्या आणि उजेडात मला त्यांच्या उजव्या जबड्याखाली फुगवटा दिसला. मी म्हटलं, 'आक्का, इकडे या.' खुर्चीत बसवलं. एक बोट तोंडात जिभेखाली, दुसरा हात बाहेरून. हाताला टणक लागलं. मला हसू आलं. मी म्हटलं, 'घ्या. वीस वर्षं दुसऱ्यांना लिंबं कापता आणि खडा तुम्हालाच.' त्याही हसल्या. मी वाटीकडे हात नेला तर वाटी रिकामी. बत्तीसच्या बत्तीस फोडी संपलेल्या. मी म्हटलं, 'खाली उपाहारगृहातून एक लिंबू आणा.' त्या म्हणाल्या, 'पेशंटला पुरत नाहीत, मला कशाला?' मीही म्हटलं, जाऊ दे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि मग त्या एक वाक्य बोलल्या. ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण अकरा वर्षांत त्यातला एक शब्द मला विसरता आलेला नाही. त्या म्हणाल्या, 'पण सिस्टर, जेवताना काही वाढत नाही हो हे. आणि दुखतही नाही.'

समोर बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला या वाक्याचा अर्थ कळला आहे. मी तुमचे चेहरे बघते आहे. मलाही कळायला हवा होता. येते आणि जाते, दुखते, जेवणाशी बांधलेली असते, ती खड्याची सूज. जी येते आणि मुक्कामच करते, दुखत नाही, टणक लागते, ती गाठ असू शकते. हे मीच शिकवत होते मुलींना. आणि मी काय बोलले? मी म्हटलं, 'तुम्हाला दुखतं कधी, आक्का? गेंड्याची कातडी तुमची.'

त्या परत हसल्या. मी त्यांचा केसपेपर काढला, आणि कोपऱ्यात ल काढून त्याला गोल केला. लिंबू न देता.

पुढचं सगळं त्या एका अक्षरामागून गेलं. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. आता काही खडे एक्स-रेत दिसत नाहीत, हे खरंच आहे. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, मग कोपरा बघितला, आणि म्हणाले, 'सिस्टरने ल दिलाय म्हणजे असणारच, न दिसणारा असेल.' साफ एक्स-रे त्या कागदावर ओरडून सांगत होता आणि माझं अक्षर त्याला गप्प बसवत होतं. पाणी प्या, शेक द्या, चोळा, लिंबू चोखा, महिन्याने दाखवा.

आक्कांनी सात महिने लिंबू चोखलं. दात आंबले बाईंचे, गार पाणी पिववेना. सकाळ-संध्याकाळ गाठ चोळत होत्या, मी शिकवली तशी, मागून पुढे. दर महिन्याला मी हात लावायची आणि म्हणायची, 'बारीक झाल्यासारखा वाटतोय.' वाटत होता का? मला माहीत नाही. माझ्या बोटाला जे पाहिजे होतं तेच त्याला लागत होतं.

आठव्या महिन्यात एके सकाळी त्यांनी चूळ भरली आणि उजव्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. त्यांनी पदराने पुसलं. परत ओघळलं. त्याच सुमाराला आमच्याकडे एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, सहा महिन्यांसाठीच. त्या म्हणाल्या, 'आक्का, दात दाखवा बघू.' खालच्या ओठाची उजवी बाजू खाली उतरलीच नाही. बाईंनी कागद मागितला. माझा ल बघितला. मला विचारलं, 'सिस्टर, लिंबू दिल्यावर किती वाढली होती?' मी म्हटलं, 'बरीच.'

हो, खोटं बोलले. तेही सांगूनच टाकते. तोपर्यंत मी फक्त चुकले होते.

बाईंनी माझं उत्तर लिहून घेतलं, पण त्यावर विश्वास ठेवला नाही, देव त्यांचं भलं करो. त्याच दिवशी गाठीत सुई घालून नमुना तपासायला पाठवला. कॅन्सर होता, लाळेच्या ग्रंथीचा, ओठाच्या नसेपर्यंत पोचलेला. ग्रंथी काढली, नस काढली, मानेतल्या गाठी काढल्या. मग किरणं दिली, सहा आठवडे.

किरणांनी लाळ आटते. बाकीच्या ग्रंथीही सुकून जातात. 'तोंडचं पाणी पळालं' असं आपण सहज म्हणतो, मी ते होताना बघितलं आहे. आक्का मधे चार महिने कामावर आल्या होत्या. ऐकायच्याच नाहीत. खिडकीशी उभ्या राहून लिंबं कापायच्या. बाटलीतून घोट घोट पाणी घ्यायच्या, त्याशिवाय त्यांना बोलता यायचं नाही. एकदा मी आत गेले तर त्यांनी एक फोड तोंडात धरली होती, डोळे मिटून. बराच वेळ. मग ती काढून बघितली आणि मला म्हणाल्या, 'सिस्टर, काहीच सुटत नाही हो. नुसतंच झोंबतं.' त्यांनी ती फोड कचऱ्यात टाकली आणि वाटी भरायला घेतली. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुखणं पुढे फुप्फुसात गेलं. निदानापासून दीड वर्षात आक्का गेल्या.

सात महिन्यांनी काय फरक पडला असता, असं मी सरांना एकदा विचारलं होतं. कोणाचं विचारते ते सांगितलं नव्हतं. सर म्हणाले, 'ओठ हलत असताना सापडलं तर बऱ्याच जणांना वर्षं मिळतात, सिस्टर. सगळ्यांना नाही. पण मिळतात.' तेवढंच मला कळलं आहे. त्याहून जास्त कोणी सांगू शकणार नाही.

शेवटच्या आठवड्यात मी रोज ड्युटी संपली की त्यांच्याकडे जायची. वॉर्डातच होत्या, कडेची खाट. मी म्हटलं, 'आक्का, मी तुम्हाला लिंबू दिलं नव्हतं.' त्या म्हणाल्या, 'मला ठाऊक नाही का? वाटी मीच तर धुतली होती.' म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. कोणापाशी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मग पाणी मागितलं, ओठ ओले केले, आणि म्हणाल्या, 'तो कागद फाडून टाका. पोरीला नर्स व्हायचंय. तुमच्याशिवाय तिला कोण शिकवणार? तिला कळलं तर ती तुमच्याकडे यायची नाही.'

मी कागद काढून घेतला. फाडला नाही. दाखवलाही नाही. हे दोन्ही न करता नऊ वर्षं काढली.

ती पोर नर्स झाली. चार वर्षांपूर्वी खोली नंबर नऊमध्ये आली. ड्युटीवर मला सिस्टर म्हणते आणि ड्युटी संपली की काकू. सणावाराला माझ्याकडे जेवते, आमच्या ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा माझ्यापेक्षा तिला जास्त पाठ आहेत. हात चांगला आहे. आईसारखी तक्रार न करणारी, हा एक दोष सोडला तर तिच्यात नाव ठेवायला जागा नाही. तुम्ही सगळे तिला ओळखता. ती डावीकडे, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसली आहे. माझ्यानंतर आभार मानायला तिलाच उभं राहायचं आहे. सोमवारपासून माझ्या खुर्चीत ती बसणार आहे.

कृपा करून कोणी मागे वळून तिच्याकडे बघू नका.

आता तुम्ही म्हणाल, नऊ वर्षं गप्प बसलीस, तर निरोपाच्या दिवशीच दुधात मिठाचा खडा टाकायची काय गरज होती? काल सरही तेच म्हणाले. काल मी त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. खाली सही त्यांचीच आहे. मग म्हणाले, 'दोघांची चूक आहे. तुम्ही एकट्याच कशाला उभ्या राहता?' सर, तुमचा मोठेपणा मी विसरणार नाही. पण तुम्ही माझ्या अक्षरावर विश्वास ठेवलात आणि मी लिंबू दिलं नव्हतं. या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत.

का बोलले, त्याची दोन कारणं आहेत. एक तिथे आहे, त्या कोपऱ्यात, निळ्या पडद्याआड. साहेबांनी मघाशी जाहीर केलं की सगळ्या ओपीडींत माझ्या फोटोसकट एक फलक लागणार आहे, आणि त्याच्या पडद्याची दोरी मी ओढायची आहे. कार्यालयातल्या बाबूंनी तो मला परवा प्रेमाने दाखवला. त्यावर लिहिलं आहे, 'जबड्याखाली सूज आहे? लिंबाची फोड चोखा. सूज वाढली तर खडा समजा.' बस. सूज नाही वाढली तर काय, ते नाही. आक्का त्या फलकात कुठेच नाहीत.

दुसरं कारण गेल्या मंगळवारचं. एक सुतार आले होते, पन्नाशीचे. डाव्या जबड्याखाली गाठ. मी कागद उचलला तर कोपऱ्यात ल, गोल केलेला. मी सुतारांना विचारलं, 'लिंबू आंबट होतं का हो?' ते म्हणाले, 'कुठलं लिंबू?' मी वाटी बघितली. रिकामी.  मी आक्कांच्या पोरीला बाजूला घेतलं आणि चार खडे बोल सुनावले, बाकाच्या टोकापर्यंत ऐकू गेले असतील. ती शांतपणे म्हणाली, 'काकू, फोडी संपल्या होत्या. हाताला लागतोय ना खडा. तुम्हीच म्हणता, बोटाला कळतं.'

ड्युटीवर असून ती काकू म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदा.

आता मला सांगा, मी कोणाच्या नावाने खडे फोडायचे? तिच्या आईला नडलेली चूक मीच तिच्या हातात दिली होती, आणि तिने ती मन लावून शिकून घेतली होती. मी सुतारांना थांबवलं, खालून लिंबू आणवलं, फोड दिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सूज तसूभर वाढली नाही. त्यांची सुईची तपासणी केली आहे. रिपोर्ट अजून आलेला नाही. काय येईल ते मला माहीत नाही, आणि माझ्या बोटालाही नाही.

तेव्हा अधीक्षकसाहेब, त्या पडद्याची दोरी मी ओढणार नाही. माझा फोटो काढून टाका. आणि फलक लावायचाच असेल तर त्यावर अजून दोन ओळी रंगवून घ्या. मी लिहून आणल्या आहेत. 'येते-जाते ती सूज खड्याची. राहायला आली तर लिंबू नको, सुईची तपासणी करा, त्याच दिवशी.' भाषा सुधारायची असेल तर सुधारा, 'त्याच दिवशी' एवढं सोडू नका. आणि केसपेपरवर ल लिहायची पद्धत सोमवारपासून बंद करा. काय दिलं, किती वेळाने बघितलं, किती वाढलं, हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं आणि खाली आपलं नाव घालावं. रांग लांबेल. लांबू दे.

आता आभार. साहेबांचे, सरांचे, मेट्रन मॅडमचे, ज्यांनी हार आणले त्यांचे, ज्यांनी खुर्च्या मांडल्या आणि आता उचलतील त्यांचे. त्या नव्या डॉक्टरीणबाई आज इथे नाहीत, त्यांचे विशेष. आमच्या ह्यांचे, कारण गेली नऊ वर्षं एक बाई जेवताना मधेच ताटावरून का उठते, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. आज त्यांना इथेच कळलं. घरी जाताना बोलू.

भाषण संपवताना, बोलण्याच्या ओघात काही राहिलं-सांडलं असेल तर पोटात घाला, असं सभेला म्हणायचं असतं. मी ते सभेला म्हणणार नाही. माझं राहिलेलं-सांडलेलं एवढंच आहे आणि ते या पाकिटात आहे. वर तारीख आहे, आक्कांचं नाव आहे, कोपऱ्यात माझ्या हातचं अक्षर आहे. खाली उतरले की हे मी तिसऱ्या रांगेत देणार आहे, ज्या हातात ते नऊ वर्षांपूर्वीच जायला हवं होतं.

बाळा, तुझी आई मला माफ करून गेली, पण ते तुझ्यासाठी केलं होतं तिने, माझ्यासाठी नाही. म्हणून ते मी धरत नाही. तुझ्याकडे मी मागते आहे, सगळ्यांसमोर मागते आहे, पण सगळ्यांसमोर तू उत्तर द्यायचं नाहीस. आज नाही, उद्या नाही. कधीच दिलं नाहीस तरी मी समजेन. आभार मानायला उठावंसं वाटलं नाही तर उठू नकोस. अध्यक्ष महाराज, तिला कोणी आग्रह करू नये, एवढी माझी या रुग्णालयातली शेवटची विनंती समजा.

आणि सोमवारी खुर्चीत बसलीस की आधी वाटी बघ. रिकामी असली तर रांग थांबव. मी थांबवली नव्हती.

नमस्कार.